पळसाची दोन पानं

हिरासिंग छपरावर चढला तेव्हाच मी ओळखलं, की या माणसाशी आपलं पटायचं नाही. त्याच्याच घरी मी बिनधुराची चूल घालून दिली होती. त्याची सून जमनी चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारत होती, धूर नळकांड्यातून मुकाट वर चालला होता, आणि हा साठी उलटलेला उंच, वाळका माणूस नळकांड्याच्या तोंडाशी उकिडवा बसून आत डोकावत होता.

"काका, काय पाहता?" मी खालून विचारलं.

"आजवर धूर घरातच फिरे. आता सरळ वर येऊन राह्यला. कोण ओढून राह्यलं ते पाहतो."

"गरम हवा हलकी असते. ती वर जाते."

"आपसूक?"

"आपसूक."

"आपसूक काहीच जात नाही, बाई," तो खोकत म्हणाला. "कोणी तरी ढकलते, नाही तं कोणी तरी ओढते. ते दिसत नाही म्हून लोकं आपसूक म्हणते."

एकोणीसशे एकसष्टची दिवाळी नुकतीच झाली होती. मी इंदूबाई, बाभुळगावची, विकास गटाची ग्रामसेविका. कळंबपासून दोन कोसांवरच्या या बंजारा तांड्यात बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं, चुली घालून द्यायच्या, असं माझं काम. तांड्यानं माझं स्वागत दुरूनच केलं. सरकारनं पाठवलेली बाई म्हणजे काहीतरी काढून न्यायला आली असणार, एवढं सगळ्यांचं ठरलेलं. पण इतरांचा संशय दोन महिन्यांत निवला. हिरासिंगचा वाढत गेला. दुधानं तोंड भाजलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

त्याचा जन्म वाटेवरचा. बाप पाठीवर ओझं लादलेले बैल घेऊन मीठ, धान्य गावोगाव न्यायचा, त्या चालत्या तांड्यात कुठंतरी तो जन्मला. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, लदेणीचा धंदा बसला, तांडा टेकडीखाली स्थिरावून ज्वारी-कापूस करू लागला. हिरासिंगही शेती करी, पण एक पाठीचा बैल त्यानं सोडला नव्हता. टेकडीवर कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा होता, तिथं गाडी चढत नसे. तिथलं मीठ, धान्य अजून हिरासिंगच्या बैलावरच जाई.

त्याची बायको रुपीबाई विहिरीच्या पायरीवरून घसरून गेली, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. कोणीतरी तिला ढकललं, असं त्याच्या डोक्यात बसलं. महिनाभर तो रोज त्या पायरीशी जाऊन शेवाळावरचे ठसे पाहत होता म्हणे. तांड्यातल्या एकेका माणसाला त्यानं त्या दिवशी कुठं होतास म्हणून विचारलं. काही निघालं नाही. लोक त्याला टाळू लागले, आणि लोक आपल्याला टाळतात म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी आहे, असं तो धरून बसला.

माझा वर्ग समाजमंदिराच्या ओट्यावर, बायका शेतातून परतल्या की तासभर. हिरासिंग रोज खांबाला टेकून बसे. शिकायला नव्हे, सुनेला काय शिकवतात त्यावर नजर ठेवायला. जमनी वर्गात सगळ्यांत हुशार. तिचा नवरा पूनमसिंग राजूरच्या कोळशाच्या खाणीत होता. चार महिन्यांत ती त्याला स्वतःच्या हातानं कार्ड लिहू लागली. सासऱ्याला ते कार्ड खुपायचं. वाचता येत नसे, तरी उलटंसुलटं करून पाहायचा.

"काय लिवते हे?" तो मला विचारी.

"बैल बरा आहे, मुलगी चालू लागली, असं."

"तेवढ्यासाठी एवढ्या ओळी?"

जमनी घुंगट ओढून गप्प. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा तिथला रिवाज. लग्नाला तीन वर्षं झाली होती, दीड वर्षाची मुलगी होती, पण सासऱ्याशी ती एक शब्द बोललेली नव्हती. त्याला काही सांगायचं असलं तर ती कडेवरच्या मुलीला सांगे, आणि तो ऐके.

आमच्या पातळ पुस्तिकेत एक धडा 'बल' नावाचा होता. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. मी वाचून दाखवलं, तसा हिरासिंग खांबाचा टेका सोडून सरसावून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या छापील कागदानं त्याची बाजू घेतली होती. मोट ओढणाऱ्या बैलाचं बळ त्याला मान्य होतं. दोराचा ताण मान्य होता. दोराला बोट लावून आता हा तुटणार हे तो सांगू शके. घर्षणाला तर तो हसलाच.

"हे तं मले मालूमच हाय. बैलाच्या पाठीवर गोणी टाकली, का ते नुसत्या वजनानं अन् खरखरीनं धरून राहते. बैलानं एकदम पाय उचलला तं गोणी मांगं सरकते. मांगून कोणी गोणीले रेटलं तं तेच गोणी पुढं सरकते. माया बाप डोये मिटून सांगे, का पहिले बैल हालला का गोणी. कोण कोणाच्या पुढं सरकलं, तेवढं पाहाचं."

मी खूश होऊन पान उलटलं, आणि तिथंच गाडं अडलं. दगड खाली पडतो कारण पृथ्वी त्याला ओढते, असं मी वाचलं.

"दोर कुठी हाय?"

"दोर नाही. न शिवता ओढते."

त्यानं ओट्यावरचा एक खडा उचलून खाली सोडला. मग म्हणाला, "माई बायको पायरीवरून गेली तवा हेच पृथ्वी ओढून राह्यली होती का?"

खोटं का बोलू, मी घाबरले. विषय बदलायचा म्हणून दुसऱ्या दिवशी गटाच्या कार्यालयातून मिळालेला नालेच्या आकाराचा लोहचुंबक आणला. पुस्तिकेच्या पुठ्ठ्यावर सुई ठेवली, खालून चुंबक फिरवला. सुई सरसर फिरली. बायका 'आये वं' करून मागं सरल्या. हिरासिंगनं पुठ्ठा हिसकावला, खालून हात फिरवला, घोड्याचा केस बांधलाय का म्हणून उजेडात धरून पाहिलं. काही सापडलं नाही, तेव्हा त्यानं पुठ्ठा परत केला आणि हात धोतराला पुसले.

त्या दिवशी ओट्यावर तांड्याचा भगत देवसिंगही होता. गरीब, कमी बोलणारा माणूस. चोरी झाली की तो वाटी चालवी; त्याच्या हाताखालची वाटी आपोआप सरकून चोराचं घर दाखवते, असं लोक मानत. तो शांतपणे म्हणाला, "हिरा, माया वाटीले कोण ढकलते म्हून तू मले जलमभर इचारत आला. आता सांग, बाईच्या सुईले कोण ढकललं?"

सगळे हसले. मीही हसले. मूर्ख मी.

पंधरा दिवसांनी तांड्याच्या नायकाची, म्हणजे मुखियाची, म्हातारी आई सुखीबाई हिची चांदीची हासळी गेली. गळ्यात घालायची जाड, तिच्या सासूची. सकाळी पेटाऱ्यात होती, दुपारी नव्हती. त्या सकाळी घरात चार बायका येऊन गेल्या होत्या. जमनी त्यातली एक, ताक न्यायला आलेली. तांडा बघता बघता बदलला. बायका पाणी भरताना एकमेकींच्या गळ्याकडे पाहू लागल्या. माझ्या वर्गात पाटी मागताना 'घे' म्हणायचं सोडून 'मोजून घे' म्हणू लागल्या.

रामलाल नायकानं वाटी चालवायची ठरवली. तीन सकाळी वाटी चालणार, आणि तिन्हीदा एकाच घरी गेली, तर त्या घरातून त्या सकाळी जी नायकाकडे आली होती ती चोर. चोर सून निघाली तर तिला माहेरी हाकलायचं. मूल मात्र तांड्याचं, ते तांड्यातच राहणार.

मी नायकाकडे जाऊन भांडले. "हे थोतांड आहे. निर्जीव वाटीला काय कळतं?"

"बाई," नायक म्हणाला, "तुमच्या लोखंडानं सुई नाचवली तवा आमी थोतांड म्हटलं काय? तुमीच दाखवलं, का शिवल्याबिगर ओढता येते. तुमचं लोखंड ओढते, आमचा देव ओढते."

मी एवढंसं तोंड घेऊन परत आले. आ बैल मला मार, असं मीच म्हणून बसले होते.

पहिल्या सकाळी नायकाच्या सारवलेल्या अंगणात गोल करून प्रत्येक घराची एकेक वस्तू ठेवली. कोणाचा लोटा, कोणाची विळी. हिरासिंगनं बैलाची घुंगरमाळ ठेवली. मधोमध काशाची वाटी पालथी. देवसिंगनं उपाशीपोटी तिच्यावर तळवा टेकवला. थोड्या वेळानं वाटी घसरायला लागली. लोट्याकडे गेली, थांबली, वळली, आणि घुंगरमाळेला जाऊन टेकली.

जमनीनं मुलीला जवळ ओढून घेतलं.

दुपारी हिरासिंग माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. "बाई, तुमच्या पुस्तकात ह्यासाठी काही हाय? हात वाटीले नेते, का वाटी हाताले, हे कसं ओळखाचं?"

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. "पण तुमच्या बापानं सांगितलंय. कोण कोणाच्या पुढं सरकलं ते पाहायचं."

त्याचे डोळे बारीक झाले. तो तसाच गेला, आणि पळसाची दोन मोठी पानं घेऊन आला. मग आम्ही दोघांनी माझ्या पितळी वाटीवर जुळवलं. खालचं पान कणकेनं वाटीच्या बुडाला चिकटवायचं. त्यावर जवसाचं तेल. त्यावर बरोबर देठाला देठ लावून दुसरं पान, आणि त्यावर हात. वाटीला देव ओढत असेल तर वाटीबरोबर खालचं पान आधी जाईल आणि हाताखालचं मागं रेंगाळेल. हातच ढकलत असेल तर वरचं पान तेलावरून पुढं निसटेल. मी मुद्दाम ढकलून पाहिलं. वरचं पान पुढं. त्यानं वाटी खालून खेचली. वरचं पान मागं. तो गालात हसला. त्याला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"देवशा, सापडला तू," तो म्हणाला. त्याला सून वाचवायची होती की भगताला पकडायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्यानं सगळ्यांसमोर पानं मांडली आणि काय पाहायचं ते समजावून सांगितलं. देवसिंग म्हणाला, "खऱ्याले कायचं भेव? लाव पानं." वाटी चालली. पुन्हा घुंगरमाळेलाच टेकली. हिरासिंगनं देवसिंगचं मनगट धरलं आणि ओरडला, "कोणी हात लावू नका! पाहा!"

वरचं पान चार बोटं पुढं गेलं होतं.

"हात ढकलून राह्यला! लबाड!"

देवसिंगचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पानांकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे. "याडीची, मायची शपथ," तो म्हणाला, "म्या नाही ढकललं. मले मालूम नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटीला थोतांड म्हणणारी मी, पण माझा त्याच्यावर विश्वास बसला. तो माणूस खोटं बोलत नव्हता. आणि हात तर त्याचाच होता.

लोक बिथरले. कोणी म्हणालं, हिरासिंगनं घर वाचवायला तेलात काही घातलं. नायकानं हात वर केला. "हिरा, सून तुयी. ते चोर नाही असं तुले वाटते ना? मंग उद्या हात तुया. पानं तुयीच. तुया हाताखाली वाटी दुसऱ्या घरी गेली, का जागची हालली नाही, तं बात खतम. घुंगरमाळेकडे गेली तं सून जाईन."

"कबूल," हिरासिंग म्हणाला. एक क्षणही थांबला नाही. मला हायसं वाटलं. आपला हात आपण ढकलणार नाही, यापेक्षा सोपं काय असतं?

तिसऱ्या सकाळी झाडून सारा तांडा जमला. जमनी नायकाच्या भिंतीशी उभी होती, मुलगी कडेवर, घुंगट हनुवटीपर्यंत. हिरासिंगनं पानं नीट जुळवली, तेल बोटानं पसरलं, तळवा टेकवला आणि बसला. वाटी हलली नाही. माणसं कंटाळू लागली. मी मनात म्हणाले, झालं, सुटली पोर.

मग वाटी हलली.

अगदी हळू, मुंगीच्या चालीनं. हिरासिंगची मान ताठ झाली. तो हात आवरत होता, हे त्याच्या दंडावरच्या शिरांवरून दिसत होतं. तरी वाटी चाललीच. विळीच्या बाजूनं गेली, लोटा सोडला आणि घुंगरमाळेला लागली. घुंगरू वाजलं.

बायकांनी श्वास सोडला. नायक उठला. पण हिरासिंग हात न उचलता खाली वाकून पानांकडे पाहत होता. मीही वाकले. वरचं पान पुढं गेलं होतं. देवसिंगच्या पानापेक्षाही जास्त, चांगलं सहा बोटं.

तो तसाच वाकलेला राहिला. पानं पुसून टाकायला एक झटका पुरला असता. तेल सांडलं म्हणाला असता तर कोणी विचारलं नसतं. मी त्याच्याकडे पाहत होते आणि खरं सांगते, मला वाटलं तो पुसणार.

"नायक," तो बसूनच म्हणाला, "इकडे ये. पाह. वाटीनं नाही दाखवलं. म्या दाखवलं. देवशा खरा बोलला, त्याले मालूम नव्हतं. मलेही मालूम नव्हतं. माया हाताले मालूम होतं." "हे घरात आली त्या दिसापासून म्या तिच्यावर शक घेऊन राह्यलो. तोच ढकलून राह्यला. दुसरं कोणीच नाही."

नायक वाकला. मग देवसिंग वाकला. त्यानं पानांकडे पाहिलं आणि हिरासिंगच्या खांद्यावर हात ठेवला. नायकानं वाटी उचलून आत ठेवायला सांगितली. सुखीबाई कुरकुरली, पण त्यानं ऐकलं नाही. बात खतम झाली. मला वाटलं आता सगळं नीट होईल.

जमनी भिंतीपासून पुढं आली. तिनं घुंगट वर केला. तांड्यातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. ती मुलीशी नाही, माझ्याशी नाही, सरळ सासऱ्याशी बोलली.

"बापू, वाटी खोटी निघाली, बरं झालं. पण तुमचा हात तं खरा निघाला ना?"

हिरासिंगनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

आठ दिवसांनी ती मुलीला घेऊन नवऱ्याकडे राजूरला निघाली. कार्ड तिनंच लिहिलं होतं, येते म्हणून. नायकानं समजावलं, मीही समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपडे भरले. हासळी तोवर सापडली नव्हती, पुढंही कधी सापडली नाही. तिची पत्र्याची पेटी ओट्यावर आली, तेव्हा माझी नजर त्या पेटीच्या कुलपावर गेली आणि तिथंच थांबली. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून मीसुद्धा! जमनीनं मला पाहताना पाहिलं. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

हिरासिंगनं बैल आणला. पाठीच्या बैलाला दोन्ही अंगांनी सारखं वजन लागतं, नाहीतर ओझं एका बाजूला लवंडतं. एका गोणीत पेटी, तर दुसरीत तेवढ्या वजनाचे दगड. लादणारा माणूस आधी सामान उचलून अंदाज घेतो, मग दगड टाकतो. हिरासिंग पेटीपासून दोन हात दूर उभा राहिला.

"उचलून पाहा ना, बापू," जमनी म्हणाली. आवाजात धार होती.

त्यानं मान हलवली. "तूच ठेव. अन् दगड किती टाकू ते सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पेटी स्वतः उचलून गोणीत घातली, आणि म्हणाली, "चार."

त्यानं चार टाकले. चार कमी पडणार हे त्याला न कळण्यासारखं नव्हतं. जन्म त्यातच गेला होता. बैल उठला आणि ओझं पेटीच्या बाजूला कललं. एक दगड वाढवला असता तर काम झालं असतं. पण दगड वाढवणं म्हणजे पेटीत किती आहे ते मोजणं. त्यानं वाढवला नाही. तो दगडांच्या अंगाला गेला, त्या गोणीवर दोन्ही हात टाकून स्वतःच्या अंगाचा भार दिला, तेव्हा ओझं सरळ झालं. जमनी मुलीला घेऊन पुढं चालली आणि तो तसाच गोणीला लोंबकळून, वाकडा होऊन बैलाबरोबर चालला. कळंबच्या मोटारअड्ड्यापर्यंत, दोन कोस, तो एकदाही पेटीच्या बाजूला आला नाही.